विहिरीतलं पोहणं

माझी थोरली जाऊ सुभद्राबाई तलावात उतरली तेव्हा काठावरच्या गर्दीतून कुणीतरी शिट्टी मारली. कोण ते मला दिसलं नाही. दिसलं असतं तर शर्यत राहिली असती बाजूला, आधी त्याचा समाचार घेतला असता. पंचेचाळिशीची बाई, अंगात थोरल्या पोराचा शर्ट, खाली सलवार, डोक्याला घट्ट आवळलेला पंचा. आजूबाजूला शहरातून आलेली पोरं पाण्यातले काळे चष्मे लावून हातपाय झटकत उभी होती. त्यांच्याकडे बघून ती मला म्हणाली, "केसर, ह्या समद्यांचे डोळे आलेत काय गं?"

मला हसू आलं नाही.

शर्यत तिघांच्या संघाची. एकानं तलावात पोहायचं, दुसऱ्यानं सायकल हाणायची, तिसऱ्यानं पळायचं, आणि एकाच्या मनगटातला लाल पट्टा पुढच्याच्या मनगटात बांधायचा. साखर कारखान्याचा रौप्यमहोत्सव होता आणि चेअरमनसाहेबांचे चिरंजीव हे खूळ पुण्याहून घेऊन आले होते. पत्रिकेवर नाव ट्रायथलॉन, पण आमच्या चौसाळ्याच्या भागात सगळे नुसतं तिकडी म्हणत. दुष्काळाचं साल, उसाअभावी गाळप लवकर आटोपायची भाषा चाललेली, तलाव निम्म्याच्या खाली गेलेला, आणि ह्यांना पोहण्याची शर्यत सुचली.

आमच्या संघात पोहायला सुभद्राबाई, सायकलीला मी आणि पळायला मुंजाजी. मी गावची आशाताई, वाड्यावस्त्यांवर रोज सायकलनेच हिंडते. मुंजाजी आमच्या पाणीवापर सहकारी संस्थेच्या मोटारी चालू-बंद करतो. लाईट कधी येईल त्याचा नेम नसतो, त्यामुळे ती आली की हा माणूस या मोटारीवरून त्या मोटारीवर पळत असतो. आम्हाला बक्षीस नको होतं. आम्हाला संस्थेचं शेततळं पाहिजे होतं, तेही फक्त रविवारी सकाळी.

ते तळं गावाच्या वरच्या अंगाला आहे. आत काळं प्लास्टिक अंथरलेलं, बाजू उतरत्या, ओल्या झाल्या की पाय ठरत नाही. मागच्या दिवाळीत माझी मुक्ता पडलेली चप्पल काढायला वाकली आणि आत गेली. काठावर माणसं जमली. तरणीताठी पोरं होती, पण एकजण उडी घेईना. घेणार कसा? आमच्याकडे पोरं पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकायची. विहिरींना पाणीच राहिलं नाही तर शिकणार कुठं? त्या वयाच्या एकालाही पोहता येत नव्हतं. मलाही येत नाही. मी नुसती ऊर बडवत होते. सुभद्राबाई कापूस वेचत होती, ती ओटी बांधलेलीच पळत आली आणि तशीच आत गेली. तिचं माहेर तेलगावकडचं, बागायती, भरल्या विहिरींचं. तिनं माझ्या पोरीला केसाला धरून वर काढलं. मग दोर टाकायला मात्र सगळे पुढे.

संस्थेचे अध्यक्ष विठ्ठलराव आबांनी लगेच तळ्याला तारेचं कुंपण घातलं आणि फाटकाला कुलूप लावलं. झालं त्यांचं काम. पुढच्या सर्वसाधारण सभेत सुभद्राबाई उभी राहिली.

"कुंपण घालून पोरींला पवायला येतंय व्हय, आबा? रविवारी सकाळी तळं द्या. मी शिकविते."

"पिकाचं पानी हाय ते," आबा म्हणाले. "तिथं पोरीसोरींचा तमाशा चालायचा न्हाई."

"बुडाल्या तर चालतंय?"

सभा गप्प झाली. आबांना गप्प सभा आवडत नाही. समोर टेबलावर तिकडीची पत्रिका पडली होती, ती उचलून ते म्हणाले, "एवढी पवणारी हायेस तर हे करून दाव. तलाव पवायचा, कुनाचा हात न लागता. अन् तिघांचा संघ येळेत पोचला पायजे. मग रविवारी तळं तुझं."

लोक हसले. त्या हसण्यानं माझं डोकं फिरलं. मी मागून ओरडले, "मग तसा ठरावच करा की आबा!" आबांना वाटलं, ही दोन बायांची गंमत आहे. त्यांनी हसत हसत ठराव करून टाकला.

सरावाला कारभारीमामांनी त्यांची विहीर दिली. त्यांची मोटार जळाली होती, म्हणून तिच्यात दोन पुरुष खोल पाणी शिल्लक होतं. सुभद्राबाई पहाटेच उतरायची आणि गोल फिरत राहायची. उजव्या हाताला भिंत, डावीकडे वळत, फेरीवर फेरी. मी पायऱ्यांवर बसून फेरी पुरी झाली की टाळी वाजवायची. टाळी वाजली की तिनं मान वर करून माझ्याकडे बघायचं.

"दमल्या का, बाई?"

"तूच दमशील टाळ्या वाजवून."

मला वाटायचं, ही तलावच काय, समुद्रसुद्धा पार करेल. एक साधी गोष्ट आम्हा दोघींना सुचली नाही. मुंजाजीला नाही, मामांना नाही. आमच्या गावात कुणालाच ती सुचली नसती, कारण गावात जो कुणी पोहला तो विहिरीतच पोहला.

बार उडाला आणि सगळे पाण्यात पडले. समोर लांब एक लाल ड्रम तरंगत होता. त्याला वळसा घालून उजवीकडच्या पिवळ्या ड्रमकडे जायचं आणि तिथून काठाला यायचं. डाव्या अंगाला जायचं नाही, हे कर्ण्यावरून पुन्हा पुन्हा सांगितलं होतं. तिकडे तलाव झाला तेव्हा बुडालेल्या बाभळी होत्या. पाणी उतरल्यामुळे काहींचे शेंडे वर आले होते, आणि न दिसणाऱ्या त्याहून जास्त होत्या. पाण्यात मच्छीमार सोसायटीची माणसं तराफे घेऊन थांबली होती. कुणी तराफ्याला धरलं किंवा तराफेवाल्यानं कुणाला हात दिला, की तो संघ बाद.

सुरुवातीला ती चांगली निघाली. डोकं वर ठेवून, सावकाश, एकेक हात मारत. शहरातली पोरं पुढे गेली, जाऊ देत. आम्हाला पहिलं यायचंच नव्हतं. मग माझ्या लक्षात आलं, की पांढरा पंचा लाल ड्रमच्या बराच डावीकडे दिसतोय.

मला वाटलं, वाऱ्यानं जात असेल. ती थांबली, ड्रम शोधला, पुन्हा तिकडे तोंड केलं आणि निघाली. आणि हळूहळू पुन्हा डावीकडे. तिला स्वतःला ते कळतच नव्हतं. तिच्या मते ती सरळच चालली होती. फक्त रस्ता वाकडा होत होता आणि समोर बाभळीचे काळे शेंडे जवळ येत होते.

"वहिनी, त्या तिकडं कावून निघाल्या?" मुंजाजीनं विचारलं. त्याला आमच्याआधी कारखान्याच्या फाटकावर जाऊन थांबायचं होतं, पण तो हलेना.

मागे मांडवात विठ्ठलराव आबा खुर्चीवर बसले होते. ते शेजारच्याला म्हणाले, "म्या म्हणलंच होतं. आता काढा बाहीर." सटवा नावाचा तराफेवाला तिच्या दिशेनं बांबू रेटू लागला होता. त्याची चूक नव्हती, त्याला तसा हुकूम होता. पण त्याचा हात लागला की मुक्ताचं तळं गेलं, गावातल्या सगळ्या पोरींचं तळं गेलं. आणि हात लागला नाही, तर समोर बाभळी.

मी तिच्या डोक्याकडे बघत राहिले. ते डोकं मी इतके दिवस वरून, पायऱ्यांवरून बघितलं होतं. डावीकडे, डावीकडे, सारखं डावीकडे. एकदम डोक्यात उजेड पडला. ही बाई विहीर पोहत होती. समोर मैलभर पाणी पसरलं होतं आणि तिचे हातपाय कारभारीमामांच्या विहिरीत फेऱ्या घालत होते. उजवा हात लांब, डावा आखूड, तसेच पडत होते. आम्हीच तिला तशी सवय लावली होती.

मी धावत मांडवात शिरले, स्टेजवर चढले आणि निवेदकाच्या हातातला माईक हिसकावून घेतला.

"बाई! अवो बाई! तुमी विहीर पवायलाव! हितं भिंत न्हाई!"

कर्ण्यांतून माझा आवाज पाण्यावर गेला आणि पलीकडच्या डोंगराला लागून परत आला. सगळा मांडव खो खो हसायला लागला. हसू देत. पंचा थांबला. पण तेवढ्यात ती बाभळीत पोचली होती. तिनं वळायचा प्रयत्न केला आणि एकदम खाली ओढल्यासारखी झाली. डोकं पाण्याखाली गेलं, वर आलं, पुन्हा गेलं. मांडवातलं हसणं बंद झालं.

"शर्ट आडकलाय," मुंजाजी म्हणाला.

सटवाचा तराफा पोचला. तो वाकला, त्यानं हात पुढे केला. मी माईक धरून उभी होते. "धरा" म्हणू की "धरू नका" म्हणू? तळं गेलं तर गेलं, पण ही बाई गेली तर मी घरी कोणत्या तोंडानं जाऊ? माझी पोर जिनं काढली तिला मी पाण्यात सोडून बघत उभी होते. मला रडू फुटलं आणि ते सगळ्या तलावाला कर्ण्यावरून ऐकू गेलं.

पाण्यातून एक हात वर आला. तळवा सटवाकडे, थांब म्हणून. मग ती पूर्ण खाली गेली. किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही; मला तो फार मोठा वाटला. वर आली तेव्हा शर्टाची एक बाही बाभळीला राहिली होती. तिनं मोठ्यानं श्वास घेतला, उभ्यानं पाय मारत तरंगली आणि काठाकडे बघितलं. नक्की माझ्याकडे.

मग मला दुसरं काही सुचलं नाही. मी माईक तोंडाजवळ धरला. "बाई, आता तोंड डरमाकडं करा. वाकड्या गेलाव की म्या टाळी वाजविते. टाळी आली की थांबायचं अन् फिरून डरमाकडं बघायचं. डावा हात मारा, डावा!"

पंचा फिरला. ती निघाली. थोडी गेली आणि डावीकडे झुकली. मी माईकसमोर टाळी वाजवली. ती थांबली, मान वर केली, तोंड सरळ केलं, पुन्हा निघाली. पुन्हा झुकली, पुन्हा टाळी. अशी ती हळू, पण पुढे सरकत राहिली.

आबा खुर्चीतून उठले. "हे चालतंय व्हय? बाहीरून मदत घ्यायलीय ती. बाद करा."

पंच म्हणून चेअरमनसाहेबांचे चिरंजीवच होते. ते माझ्याजवळ आले. मी त्यांच्याकडे बघितलं सुद्धा नाही, माझे डोळे पाण्यातल्या पंच्यावर होते. "साहेब, म्या कुनाला हात लावलाय का?" एवढंच म्हणाले आणि टाळी वाजवली. त्यांनी थोडा विचार केला. मग म्हणाले, "हात लावायचा नाही, एवढाच नियम आहे, आबा. टाळ्यांचं काही लिहिलेलं नाही." पोरगं तसं बरं होतं, आधी मी उगाच नावं ठेवली.

लाल ड्रम झाला, पिवळा झाला. काठावरून लोक माझ्याबरोबर टाळ्या वाजवायला लागले, तेव्हा मी माईकवरून त्यांना झापलं, की गप बसा, तिला कुठली खरी ते कळणार नाही. सगळे गप्प बसले. शेवटचा सायकलवाला कधीच निघून गेला होता. मुंजाजी कुणाच्या तरी मोटारसायकलवरून फाटकाकडे गेला. सुभद्राबाई गाळातून रांगत बाहेर आली, तेव्हा तिचे ओठ निळे पडले होते आणि उघड्या दंडावर काट्यांचे लांब ओरखडे होते, त्यातून रक्त येत होतं.

बोटं गारठल्यामुळे तिला पट्टा बांधता येईना. शेवटी तिनं गाठ दातानं ओढली.

"बाई, लई लागलंय तुमाला."

"तू डागदरीण हायेस का? हाण सायकल!"

मी हाणली. चौसाळ्याच्या फाट्यापर्यंत जायचं आणि तिथून कारखान्याच्या मैदानावर. जाताना वारा समोरून, तोंडात धूळ. पाण्याच्या टँकरांची रांग रस्त्यात, एकजण बाजू देईना. मी त्याला अशी शिवी दिली की त्यानं टँकर थेट चारीत उतरवला. फाट्याच्या अलीकडे एक शहरी पोरगा महागडी सायकल उलटी करून बसला होता, टायरमध्ये बाभळीचा काटा. मला त्याची दया यायला पाहिजे होती. आली नाही. फाट्यावरून वळले आणि चढावर माझी चेन उतरली. दोनदा बसवली, दोनदा निसटली. मी रस्त्याच्या कडेला बसून चेनला सांगितलं, की बाई माझी, आजच्या दिवस बस, पुन्हा तुला कधी तेलाविना ठेवणार नाही. तिसऱ्यांदा बसली.

वेळेत पोचायचं म्हणजे पाहुण्यांचा कार्यक्रम संपायच्या आत, कारण त्यानंतर शेवटची कमान उतरवणार होते. कारखाना जवळ आला तसे कर्णे ऐकू आले. भाषण चालू होतं. सहकाराची गंगा, बळीराजा, कारखान्याचा उज्ज्वल भूतकाळ. पुढाऱ्याचं भाषण लांबावं म्हणून आयुष्यात पहिल्यांदा मी देवाला हात जोडले. देवानं ऐकलं. ते वक्ते असे होते की त्यांना थांबवायला देवच लागला असता.

फाटकावर मी पट्टा मुंजाजीच्या मनगटात बांधला. "लाईट आली मुंजाजी, पळ!" तो चप्पल काढून सुटला. कारखान्याला वळसा घालून, ऊस टाकायच्या गव्हाणीमागून, उसाच्या गाड्यांमधून त्याला मैदानात यायचं होतं. मी सायकल तिथेच टाकली आणि कमानीकडे पळाले. सुभद्राबाईला सटवानं मच्छीमारांच्या टेम्पोतून आणलं होतं. ती घोंगडी पांघरून कमानीखाली उभी होती.

भाषण संपलं. आभाराला माणूस उठला. दोन गडी शिडी घेऊन आले आणि कमानीची दोरी सोडायला लागले. आबांनी त्यांना खूण केलेली मी माझ्या डोळ्यांनी बघितली. एक बाजू खाली आली. सुभद्राबाईनं घोंगडी टाकली आणि दुसऱ्या खांबाला मिठी मारून उभी राहिली. "आभार संपू दे, बाबा. मग मलाबी घेऊन जा खांबासंगट." गडी बिचारे शिडीवर तसेच थांबले.

आभाराचा माणूस मंडपवाल्यापर्यंत पोचला होता, तेव्हा मुंजाजी दिसला. अनवाणी, सदरा पाठीला चिकटलेला, तोंड उघडं. तो वाकून त्या लोंबत्या कमानीखालून आला आणि आमच्या पायाशी पडला. पोचलेल्यांत आम्ही सगळ्यांत शेवटचे होतो. वेळेत होतो.

आबा आले. मला वाटलं, आता काहीतरी खुसपट काढतील, आणि मी तयारीतच होते. पण ते हसले. अगदी गोड हसले. "जिंकलीस बाई. रविवारपासून तळं तुझं. मुंजाजी, किल्ली देऊन टाक हिला." आणि निघून गेले.

मुंजाजी उठून बसला. त्याला दम लागला होता, पण तोंड पडलं होतं ते दमानं नव्हे. "वहिनी," तो म्हणाला, "आबांनी मागल्या आठवड्यातच त्यांच्या मोसंबीला पानी सोडाय लावलं. तळ्यात आता छातीला लागंल एवढंच ऱ्हायलंय. शिमग्यापतूर तेबी न्हाई ऱ्हायाचं."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. एवढं करून ह्या माणसानं आम्हाला आटलेलं तळं दिलं होतं. मी आबांच्या गाडीमागे निघालेच होते, सुभद्राबाईनं माझा पदर धरला. ती हसत होती. दंडावर रक्त वाळलेलं, दात वाजतायत, आणि ही बाई हसत होती.

"अगं येडे, शिकायला छातीएवढंच लागतंय. खोल पान्यात कुनी शिकवितंय व्हय? म्या इचार करत हुते, आबाला पानी कमी कराय कसं सांगावं."

रविवारी मुंजाजीनं फाटक उघडलं. तळ्याकाठी पोरींची ही झुंबड. प्रत्येकीच्या हातात तेलाचा रिकामा डबा आणि सुतळी. आबांची नातसुद्धा आली होती, आबांना न विचारता. सुभद्राबाईनं आधी तळ्याच्या या काठापासून त्या काठापर्यंत एक रस्सी ताणून बांधली, अगदी सरळ. "पैलं हेच शिकायचं," ती म्हणाली. "रस्सी सोडून इकडं-तिकडं न्हाई. गोल तर मुळीच न्हाई." मग वळून माझ्याकडे बघितलं. "केसर, तू पैली. ये हिकडं."

मी म्हणाले, मी इथं पोरी सांभाळायला आलेय, माझं वय झालं, माझी पाठ दुखते. तिनं काही ऐकलं नाही. माझ्या पाठीला डबा बांधला आणि दोर धरून मला आत उतरवलं. पाणी गार होतं, पायाखालचं प्लास्टिक सरकत होतं. मला खरंच भीती वाटत होती. मी दोन्ही हातांनी तिचा दंड धरला, ओरखड्यांवरच. तिनं माझी बोटं एकेक करून सोडवली.

मी आडवी झाले. हात मारले, पाय मारले, नाकात पाणी गेलं, रस्सी कुठं गेली कळेना. तेवढ्यात काठावर जोरात टाळी वाजली. माझी मुक्ता पाठीला डबा बांधून उभी होती.

"आई, डावा हात मार! डावा!"